नवे पाळक व जुनी मंडळी

मनुष्य एका गांवाहून दुसऱ्या गांवीं राहावयास जातो, तेव्हां त्याचें सामान एका दिवसांत जाऊन पोहोंचतें. मन पोहोंचावयास मात्र पुष्कळ दिवस लागतात. हें सरकारी नोकराच्या बाबतींत जितकें खरें, तितकेंच धर्मसेवकाच्या बाबतींतहि खरें आहे. फरक इतकाच कीं, तहसीलदार किंवा स्टेशनमास्तर नव्या गांवीं गेला तर त्यानें आपलें काम चोख केलें म्हणजे पुरे. लोकांनीं त्याजवर प्रेमहि करावें अशी अपेक्षा कोणी करीत नाहीं. पाळकाचें तसें नाहीं. ज्यांचीं लग्नें लावावयाचीं, ज्यांच्या आजाऱ्यांपाशीं बसावयाचें, ज्यांच्या मृतांस मूठमाती द्यावयाची, ते लोक त्यास कालपरवांपर्यंत नांवानेंहि ठाऊक नसतात. आणि ज्याच्यापुढें आपलें अंतःकरण उघडें करावयाचें, तो गृहस्थ त्या लोकांसहि अगदीं परका असतो. ही परकेपणाची भिंत कशी पडावी, याविषयीं चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

हा विषय शाळेच्या वार्षिक अंकांत कशाला, असें कोणी विचारील. त्यास आमचें उत्तर असें कीं, पाळकांची बदली झाली म्हणजे त्यांचीं मुलें आमच्याच वर्गांत येऊन बसतात. आणि ज्या पंचांच्या व सभासदांच्या हातीं नव्या पाळकांचें सुखदुःख असतें, ते बहुधा आमच्याच विद्यार्थ्यांचे आईबाप असतात. शिवाय आमच्या वाचकांत सर्व धर्मांचीं कुटुंबें आहेत. शिरोळ, जयसिंगपूर, कुरुंदवाड या बाजूस ख्रिस्ती घरें संख्येनें थोडीं आहेत. तथापि नवा शेजारी, नवी सून, नवे गुरुजी यांचा अनुभव कोणत्या घरास नाहीं? येथें मंडळीविषयीं जें सांगितलें आहे, तें प्रत्येकानें आपापल्या घरास लावून पाहावें.

आमचें मत थोडक्यांत असें आहे. नव्या माणसास सामावून घेण्याचें ओझें मुख्यतः जे अगोदरपासून तेथें आहेत त्यांच्यावर आहे. आणि नव्या माणसानें आपलें पहिलें वर्ष बदल करण्यांत न घालवितां ओळख करून घेण्यांत घालवावें. हे दोन नियम पाळले गेले, तर मंडळ्यांमधील निम्मीं भांडणें जन्मासच येणार नाहींत.

प्रथम हें लक्षांत घेतलें पाहिजे कीं, आपल्या भागांत ‘जुनी मंडळी’ म्हणून जी मिरविते, ती स्वतः फार जुनी नाहीं. अमेरिकन मिशनरी रेव्हरंड रॉयल गूल्ड वाइल्डर हे १८५२ सालीं कोल्हापुरास आले, तेव्हां त्यांचें स्वागत करावयास येथें मंडळीच नव्हती. मध्यंतरीं ते स्वदेशीं गेले, १८६१ सालीं पुनः परत आले, आणि १८७० सालीं त्यांचें कार्य अमेरिकेंतील प्रेसबिटेरियन मंडळीच्या मिशनकडे गेलें. १८९१ सालीं मिरज ते कोल्हापूर हा लोहमार्ग सुरू झाला. १८९४ सालीं डॉक्टर विल्यम वानलेस यांनीं मिरजेस रुग्णालय उघडलें, आणि त्या एका संस्थेच्या निमित्तानें परिचारिका, कंपाउंडर, वैद्यकीचे विद्यार्थी व त्यांचीं कुटुंबें ठिकठिकाणांहून येऊन या बाजूस स्थायिक झालीं. खुद्द जयसिंगपूर शहर शाहू महाराजांनीं १९१७ सालीं आपल्या जनक पित्याच्या नांवानें वसविलें. तेथील जुन्यांत जुनें व्यापारी घराणें देखील बाहेरून आलेलेंच आहे. तेव्हां आज जे सद्‌गृहस्थ उपासनामंदिरांत तिसऱ्या बाकावरील कोपरा आपला वडिलोपार्जित समजतात, त्यांचा आजा किंवा पणजा हातांत एक वळकटी व एक ट्रंक घेऊन याच स्टेशनांवर कोठें तरी उतरला असेल. त्या दिवशीं कोणी तरी त्यास पाणी दिलें, भाड्याची खोली दाखविली, रविवारीं बरोबर नेऊन शेजारीं बसविलें. तें ऋण ज्यांनीं दिलें त्यांस परत करितां येत नाहीं. तें पुढें येणाऱ्यासच द्यावें लागतें.

आतां मंडळीचें पहिलें कर्तव्य पाहूं. तें हें कीं, नव्या पाळकांस जुन्या पाळकांच्या तराजूंत तोलूं नये. “आमचे पहिले पाळकसाहेब असें करीत नसत,” हें वाक्य बोलावयास फार सोपें आहे. परंतु ज्याच्या कानीं तें पडतें, त्यास तें कांट्यासारखें रुततें. आणि मौज ही कीं, त्याच पहिल्या पाळकांच्या पहिल्या वर्षीं त्यांच्या आधींच्या पाळकांचें नांव घेऊन हेंच वाक्य बोललें गेलेलें असतें. हा रोग नवा नाहीं. करिंथ शहरांत पौलानें दीड वर्ष राहून मंडळी उभी केली. त्याच्या मागून अपुल्लोस नांवाचा मोठा वक्ता तेथें आला. लागलीच कोणी म्हणूं लागले, आम्ही पौलाचे. कोणी म्हणूं लागले, आम्ही अपुल्लोसाचे. दोघांचें आपसांत कांहींच वैर नव्हतें. तट पाडले ते ऐकणाऱ्यांनीं. पौलानें त्यांस जें समजाविलें, त्याचा आशय आपल्या ऊसकऱ्यांस सहज कळण्यासारखा आहे: कांडी लावणारा एक असतो, पाट फोडणारा दुसरा असतो, आणि ऊस वाढतो तो त्या दोघांच्याहि हुकुमानें नव्हे.

याच ठिकाणीं बदलून गेलेल्या पाळकांचेंहि एक कर्तव्य सांगितलें पाहिजे. पूर्वीं पाळक शंभर मैलांवर गेले म्हणजे वर्षाकांठीं एखादें पत्र येई. आतां प्रत्येकाच्या खिशांत दूरध्वनि आहे. सकाळीं नव्या पाळकांनीं कांहीं सांगितलें कीं दुपारपर्यंत तें जुन्या पाळकांच्या कानीं जातें, आणि संध्याकाळीं त्यांचा अभिप्राय गांवांत फिरूं लागतो. लग्न ठरलें कीं, “आमच्या मुलीस तुम्हींच बाप्तिस्मा दिला, आतां लग्नहि तुम्हींच लावावें,” असा आग्रह होतो. प्रेम उत्तम आहे. त्यास तोडा असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु ज्यांचें आपणांवर खरें प्रेम असेल ते पाळक अशा वेळीं म्हणतील कीं, “मी पाहुणा म्हणून येईन, मांडवांत बसेन, जेवेन, लग्न मात्र तुमचे पाळक लावतील.” गाऱ्हाणें घेऊन आलेल्यास ते एवढेंच सांगतील कीं, “हें तुम्ही त्यांच्याच घरीं जाऊन बोला.” निरोप घेणें हीहि एक धर्मसेवाच आहे, आणि आमच्या समजुतीप्रमाणें ती प्रवचनापेक्षां कठीण आहे.

दुसरी बाजू नव्या पाळकांची. सतराव्या शतकांतील प्रसिद्ध इंग्रज कवि जॉर्ज हर्बर्ट हे १६३० सालीं सॅल्सबरीजवळील बेमर्टन या लहानशा खेड्याचे पाळक झाले. केंब्रिज विद्यापीठाचे अधिकृत वक्ते म्हणून त्यांनीं नांव मिळविलें होतें. राजदरबारीं त्यांची ओळख होती. असा मनुष्य शेतकऱ्यांच्या वस्तींत जाऊन तीनच वर्षांत, १६३३ सालीं, वारला. त्यांच्या मृत्यूनंतर १६५२ सालीं खेड्यांतील पाळकाच्या कर्तव्यांविषयीं त्यांचें एक पुस्तक छापून निघालें. आठवड्याच्या दिवसांत दुपारीं पाळकानें वस्तीच्या एकेका भागांत फिरावें, आणि लोक रविवारच्या पोषाखांत नव्हे तर आपल्या कामांत गुंतलेले असतां त्यांस पाहावें, अशी त्यांची शिकवण आहे. आम्हांस ही गोष्ट लाखमोलाची वाटते. मंदिरांत सर्वच लोक नीटनेटके असतात. मनुष्य खरा दिसतो तो आपल्या ओट्यावर.

अशा भेटी झाल्या म्हणजे पुष्कळ चालीरीतींचीं कारणें आपोआप उलगडतात. समजा, एका मंडळीची उपासना उशीरां भरते. शहराहून आलेल्या पाळकांस वाटतें, हे लोक आळशी. परंतु ज्याच्या शेतावरील पंपास वीज रात्रीं मिळते, तो शेतकरी पहाटेपर्यंत पाणी पाजून घरीं आलेला असतो. जो साखर कारखान्यांत रात्रपाळीस आहे, तो सकाळीं सुटतो. आणि ज्या म्हाताऱ्या बाई लांबच्या वाडीवरून येतात, त्या एस्. टी. च्या वेळेवर अवलंबून असतात. वेळ उशीराची आहे ती त्या तिघांस घेऊन उपासना व्हावी म्हणून. पहिल्याच महिन्यांत ती वेळ बदलली, तर घड्याळ सुधारेल आणि तीन माणसें गमावतील. हेंच भजनांच्या क्रमाविषयीं, बसण्याच्या रीतीविषयीं, हंगामाच्या सणाच्या जेवणाविषयीं समजावें. जें आपणांस वेडगळ वाटतें, त्याचें कारण अगोदर विचारावें. कारण सांपडलें नाहीं, तर वर्षानें खुशाल बदलावें.

तथापि कांहीं गोष्टींस वर्षाची सवड देतां येत नाहीं. मंडळीच्या पैशाचा हिशेब चोख नसेल, मुलांच्या सुरक्षिततेस धोका असेल, किंवा जातीपातीवरून कोणास दूर बसविलें जात असेल, तर तेथें नव्या पाळकांनीं पहिल्याच दिवशीं उभें राहिलें पाहिजे. चालीरीतींपुढें नम्र व्हावें, अन्यायापुढें नव्हे.

यावर एक आक्षेप आहे, आणि तो हलका नाहीं. कोणी म्हणतात, “पाळकांस एका ठिकाणीं मिळतात चारदोन वर्षें. त्यांतलें एक ओळखींतच गेलें, तर काम केव्हां करावयाचें?” मेथडिस्ट पंथाचे संस्थापक जॉन वेस्ली (१७०३–१७९१) यांनीं तर आपल्या उपदेशकांस मुद्दामच एका ठिकाणीं फार दिवस राहूं दिलें नाहीं, त्यायोगें कार्य थंडावलें नाहीं, उलट फैलावलें. हें खरें. परंतु वेस्लींच्या व्यवस्थेंत एक गोष्ट विसरली जाते. उपदेशक फिरत असत. पण प्रत्येक गांवीं लोकांचे लहान लहान वर्ग असत आणि त्यांचे पुढारी त्याच गांवचे असत. उपदेशक गेला तरी आजाऱ्याची चौकशी थांबत नसे. म्हणजे जेथें पाळक थोडे दिवस राहणार, तेथें मंडळीनेंच अधिक जागरूक राहिलें पाहिजे. शिवाय ओळख करून घेणें हें कामाच्या आधींचें काम नव्हे. तेंच काम आहे. पेरणीपूर्वीं नांगरट केली म्हणून शेतकऱ्याचा हंगाम फुकट गेला असें कोणी म्हणत नाहीं.

निरनिराळ्या घरच्या लोकांनीं एकत्र नांदावयाचें म्हणजे काय, याचें मोठें उदाहरण आपल्याच देशांत घडलें आहे. २९ नोव्हेंबर १९७० रोजीं नागपूर येथें सहा निरनिराळ्या परंपरांच्या मंडळ्या एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया ही संयुक्त मंडळी स्थापन झाली. तिच्या वाटाघाटींस १९२९ सालीं लखनौ येथें आरंभ झाला होता. म्हणजे एकीचा हा मांडव उभारावयास एकेचाळीस वर्षें लागलीं. कोणी बालकांस बाप्तिस्मा देणारे, कोणी तो जाणत्या वयांतच द्यावा असें मानणारे. कोणाकडे बिशप, कोणाकडे वडीलमंडळ. एकानें दुसऱ्यास हरवून ही एकी झाली नाहीं. बाप्तिस्म्याच्या दोन्ही रीती ठेविल्या गेल्या, आणि एकाच छपराखालीं दोन्ही मतांच्या लोकांनीं बसावें असें ठरलें. वरच्या पातळीवर जें एकेचाळीस वर्षें बोलून साधलें, तें एखाद्या मंडळींत नव्या पाळकांकडून चार रविवारांत साधावें अशी अपेक्षा आपण कां करावी?

आतां पाळकांस सोडून नव्या सभासदांकडे वळूं. शिक्षक, परिचारिका, बँकेंतील कारकून, रेल्वेचे नोकर यांच्या बदल्या होतात व नवीं कुटुंबें मंडळींत येतात. येतांना जुन्या मंडळीचा दाखला बरोबर आणण्याची रीत आहे. कित्येक लोक तिला नुसता कागद समजतात. वास्तविक ही रीत अगदीं पहिल्या शतकापासूनची आहे. अपुल्लोस करिंथास निघाला तेव्हां इफिस येथील बांधवांनीं त्याच्यासाठीं पत्र लिहून दिलें होतें. फीबी नांवाच्या बाईची शिफारस पौलानें रोमच्या मंडळीस केली होती. त्या पत्रांचा अर्थ इतकाच: हा मनुष्य आमचा आहे, आतां तो तुमचा आहे. यास्तव नव्या कुटुंबानें दाखला आणावा, आणि मंडळीनें तो नुसता दप्तरीं न ठेवितां त्या घरीं चहास जावें.

येथेंच आम्हांस एक अप्रिय गोष्ट बोलणें भाग आहे. नवें कुटुंब आलें म्हणजे पहिला प्रश्न विचारला जातो तो आडनांवाचा; दुसरा, “मूळ गांव कोणतें?” दोन्ही प्रश्न वरवर साधे आहेत, परंतु पुष्कळदां ते जात ओळखण्याच्या किल्ल्या असतात. ज्या मंडळींत ख्रिस्ताच्या नांवानें सारे एक झाले असें आपण गातों, तेथें लग्नाच्या वाटाघाटींत आणि पंचांच्या निवडणुकींत जुनी जात हळूच डोकें वर काढिते, हें नाकारण्यांत अर्थ नाहीं. त्याचप्रमाणें सीमेपलीकडून आलेल्या, कन्नड बोलणाऱ्या कुटुंबाच्या मराठीस हंसणें. दिवाळीनंतर बीडकडून ऊसतोडीस आलेलें एखादें कुटुंब मागच्या दाराशीं उभें राहिलें तर त्यास बाक न दाखविणें. या गोष्टी लहान दिसतात, पण ज्याच्यावर बेततात तो त्या जन्मभर विसरत नाहीं.

याच शिरोळ तालुक्यानें याहून चांगलें वागून दाखविलें आहे. २००५, २०१९ व २०२१ सालीं कृष्णा व पंचगंगा यांच्या पुरानें गांवेंच्या गांवें वेढलीं. तेव्हां शाळा, मंगल कार्यालयें, उंचावरचीं घरें उघडलीं गेलीं. भाकरी थापणाऱ्या बाईनें खाणाऱ्याचें आडनांव विचारलें नाहीं. पुराच्या पाण्यांत जी माणुसकी आपणांस सुचते, ती उन्हाळ्याच्या रविवारींहि सुचावी, एवढेंच आमचें मागणें आहे.

आणि नव्या माणसास घेतल्यानें आपण कांहीं गमावतों, ही समजूतहि चुकीची आहे. नारायण वामन टिळक १८९५ सालीं मुंबईस बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती मंडळींत आले. १८६१ सालीं कोंकणांत जन्मलेला, संस्कृत व मराठी काव्यांत मुरलेला हा मनुष्य मंडळीच्या दृष्टीनें अगदीं नवखा होता. त्या काळीं इंग्रजी चालींवर बसविलेलीं भाषांतरित गीतें उपासनेंत पुष्कळ म्हटलीं जात. टिळकांनीं अभंग व भजनें रचिलीं, कीर्तनें केलीं, आणि १९१९ सालीं ते वारले तेव्हां मराठी ख्रिस्ती मंडळीच्या भक्तीची भाषाच पालटून गेली होती. “हें आमच्या पद्धतींत बसत नाहीं,” असें म्हणून त्या वेळच्या जुन्या लोकांनीं त्यांस परतविलें असतें, तर आज आपण काय गाइलें असतें? प्रत्येक नवखा टिळक नसतो हें खरें. पण दार लावून घेतलें म्हणजे टिळकहि बाहेरच राहतो.

शेवटीं विद्यार्थिमित्रांस दोन शब्द. पाळकांचा मुलगा किंवा मुलगी वर्षाच्या मध्येंच तुमच्या वर्गांत येते. त्यांनीं आपले सोबती, आपलें मैदान, कदाचित् आपली मांजर सुद्धां मागें सोडलेली असते, आणि ही बदली त्यांनीं मागितलेली नसते. अशा मुलांस लोक लहानसे पाळक समजतात. त्यांनीं खोडी केली कीं, “पाळकांचा मुलगा असून?” आणि पहिला नंबर आला कीं, “पाळकांचाच मुलगा तो!” या दोन दगडांमध्यें तें मूल भरडलें जातें. त्यास इतर मुलांसारखें मूल राहूं द्या. डबा खातांना त्यास बोलवा, खेळांत एक जागा द्या, मागील अभ्यासाची वही उतरून घ्यावयास द्या. आईबापांनींहि पाळकांच्या घरची भाजी, पत्नीची साडी व मुलांचे गुण हे मंडळीच्या चर्चेचे विषय नव्हेत, हें ध्यानांत ठेवावें.

मंडळीच्या वडिलांस आमची विनंति आहे कीं, नवे पाळक येतील तेव्हां हारतुरे थोडे आणावे. त्याऐवजीं पहिले आठ दिवस त्यांच्या घरीं आळीपाळीनें जेवण पोहोंचवावें, कोण आजारी आहे व कोणाच्या घरीं नुकतें दुःख झालें आहे याची यादी हातीं द्यावी, दूधवाला व दवाखाना दाखवावा, आणि तक्रारींची वही एक वर्ष मिटून ठेवावी. पाळकांस विनंति ही कीं, तितकेंच एक वर्ष सुधारणांची वही त्यांनींहि मिटून ठेवावी. वर्षानें दोन्ही वह्या उघडल्या, तर त्यांतील बरींच पानें आतां वाचण्याचें कारण उरलें नाहीं, असें दोघांसहि आढळून येईल. आणि जीं उरतील त्यांवर एकमेकांस ओळखणारीं माणसें बोलतील.